हरवलेल्या भावाचा तपास: ठाण्याच्या वहीपासून निकालापर्यंत

माझा धाकटा भाऊ एप्रिल १९९१ मध्ये, खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या महालक्ष्मी यात्रेत, वयाच्या सातव्या वर्षी नाहीसा झाला. मे २०१६ मध्ये शेजारच्या गावच्या शिवारातील एका जुन्या विहिरीतून त्याच्या अस्थी निघाल्या, आणि त्याच्या खुनाच्या खटल्याचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये बेळगावच्या सत्र न्यायालयात लागला. निकालानंतरची कागदपत्रे पुरी व्हायला आणखी वर्षाहून अधिक काळ गेला. आरोपीचे अपील प्रलंबित असल्यामुळे गावाचे, ठाण्यांचे आणि माणसांचे नाव मी येथे लिहीत नाही. मात्र कोणता कागद कोठे मिळाला, कोणत्या पायरीला किती थांबावे लागले आणि कोणत्या गोष्टी कोणीच सांगत नाही, हे क्रमाने लिहून ठेवतो. आमच्या भागात वर्षानुवर्षे मुलाची वाट पाहणारी घरे आणखीही आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा तपास कोणा चतुर अधिकाऱ्याच्या तर्कामुळे लागला नाही. एका ठाण्यातील हरवल्याची नोंद आणि दुसऱ्या ठाण्यातील बेवारस अस्थींची नोंद एका टेबलावर आली, तेव्हा तो लागला. ही दोन ठाणी एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत, पण त्या दोन नोंदी एकत्र आणणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते, म्हणून ते आम्हाला करावे लागले.

आमच्याकडची महालक्ष्मी यात्रा दरवर्षी भरत नाही. मध्ये कित्येक वर्षे जातात, आणि भरते तेव्हा घरोघरी पाहुण्यांचा एवढा राबता असतो की एखादे मूल दिवसभर दिसले नाही तरी ते कोणा मावशीकडे किंवा आत्याकडे जेवले असेल असेच घरचे धरून चालतात. भाऊ नाही हे रात्री अंथरुणे घालताना लक्षात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ठाण्यात गेले. फौजदार यात्रेच्या बंदोबस्तात होते. हवालदाराने हरवलेल्या माणसांच्या वहीत नोंद केली, 'पोरे गोव्याला हॉटेलात कामाला पळून जातात, महिन्याभरात परत येतात' असे सांगितले आणि नोंदीचा क्रमांक व तारीख लिहिलेली एक चिठ्ठी बाबांच्या हाती दिली. रीतसर गुन्हा नोंदवला गेला नाही. सात वर्षांचे मूल गोव्याला पळून जाऊन कोणत्या हॉटेलात काय काम करणार, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. बाबांनीही नाही, कारण ठाण्यात प्रश्न विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

आज परिस्थिती बदललेली आहे आणि ती प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवी. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली की ठाण्याने ती गुन्हा म्हणूनच नोंदवली पाहिजे आणि मूल पळवले गेले असावे असे गृहीत धरून तपास सुरू केला पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. त्यामुळे आज कोणी 'चोवीस तास थांबा' म्हणाले तर थांबू नये, आणि नुसत्या वहीतील नोंदीवर परत फिरू नये.

बाबांनी पुढची काही वर्षे लोंढा, मडगाव, म्हापसा, सौंदत्ती, पंढरपूर अशी ठिकाणे धुंडाळली. भावाचा स्वतंत्र फोटो नव्हता. शाळेच्या गटफोटोतून कापून मोठा केलेला अस्पष्ट चेहरा ते दाखवत. बेळगावच्या दैनिकात जाहिरात दिली, देवऋषी झाले, आणि हळूहळू शोध थांबला. ठाण्याची ती चिठ्ठी मात्र बाबांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली होती आणि दर वेळी नवे कार्ड आले की ती नव्या पाकिटात जात असे.

२००९ मध्ये बाबा वारले, तेव्हा या प्रकरणाची एक वेगळीच बाजू समोर आली. दोन एकर भाताची जमीन आईच्या, आक्काच्या आणि माझ्या नावावर करायची तर वंशावळ लागते, आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात भावाला जिवंत दाखवावे की मयत, असे तलाठ्याने विचारले. सात वर्षे ज्याची खबरबात नाही तो मयत समजला जातो, अशी तरतूद भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होती (नव्या साक्ष अधिनियमात ती कलम १११ मध्ये आहे), पण महसूल खात्याला त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. वकिलांनी खर्च सांगितला, तो जमण्यासारखा होता. आईने नकार दिला. 'मी सही करून माझ्या लेकाला मारणार नाही,' एवढेच ती म्हणाली आणि जमीन बाबांच्याच नावावर राहिली.

२०१५ आणि २०१६ ही दोन्ही वर्षे उत्तर कर्नाटकात दुष्काळाची होती. खानापूरसारख्या पावसाच्या तालुक्यातही उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला, आणि लोकांनी पडक्या, बुजलेल्या विहिरी उपसायला घेतल्या. शेजारच्या गावातील अशीच एक विहीर, जिच्यात दगडमाती लोटून ती निम्मी बुजवली होती, नव्या मालकाने यंत्र लावून मोकळी करायला घेतली. जमीन मधल्या काळात विकली गेल्यामुळे विहिरीचा इतिहास त्याला माहीत नव्हता. खालच्या चिखलात लहान मुलाची कवटी आणि हाडे निघाली. आमच्या तांबड्या जांभ्याच्या मातीत हाड फार काळ टिकत नाही, ती माती आम्लधर्मी असते. येथे मात्र अस्थी पाण्याखालच्या गाळात, हवेपासून दूर राहिल्या होत्या. त्या गावच्या ठाण्याने अनैसर्गिक मृत्यूची नोंद केली, जिला सगळे यूडीआर म्हणतात, पंचनामा केला आणि अस्थी बेळगावच्या सरकारी रुग्णालयात पाठवल्या.

आम्हाला हे दूध संकलनाच्या टेम्पोवाल्याकडून कळले. मी दुसऱ्या दिवशी त्या ठाण्यात गेलो. अधिकारी सभ्यपणे बोलले, पण त्यांचा पहिला प्रश्न होता, 'तुमच्या भावाच्या तक्रारीचा नंबर काय?' मी चिठ्ठी दाखवली. शाई फिकट झाली होती तरी क्रमांक वाचता येत होता. ते म्हणाले की मूळ ठाण्याकडून या नोंदीची साक्षांकित प्रत आणा, म्हणजे पुढे काही करता येईल. मूळ ठाण्यात मात्र इतक्या जुन्या वह्या उरलेल्या नाहीत असे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी 'साहेब नाहीत, नाळे बर्री', म्हणजे उद्या या.

मग मी माहितीचा अधिकार वापरला, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या प्रकरणात हेच साधन सर्वांत उपयोगी पडते. कर्नाटकात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि प्रतींना पानामागे २ रुपये लागतात. येथील नियमांनुसार अर्ज एकाच विषयावरचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. माझ्या ओळखीच्या एकाने घराण्याचा सगळा इतिहास लिहून दिला आणि त्याचा अर्ज परत आला. भाषेच्या बाबतीत कायद्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाची राजभाषा असे तीन पर्याय आहेत. मराठीतला अर्ज नाकारला जाऊ शकतो, पण ज्यांना कन्नड लिहिता येत नाही त्यांनी हिंदीत अर्ज देण्यास अडचण नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कलम ८(३). वीस वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेची माहिती मागितली, तर तीन ठरावीक अपवाद वगळता कलम ८ मधील बाकीची कारणे, ज्यात तपासाला बाधा येईल हे कारणही आले, पुढे करून ती नाकारता येत नाही. मी अर्जात हे कलम स्पष्ट लिहिले.

तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आले, 'अभिलेख उपलब्ध नाही.' त्यावर तीस दिवसांच्या आत पहिले अपील करता येते आणि त्याला कर्नाटकात फार खर्च येत नाही. अपिलात मी प्रत मागण्याऐवजी वह्यांची स्वतः पाहणी करू द्यावी अशी विनंती केली, कारण अभिलेखाची पाहणी हाही माहितीच्या अधिकाराचाच भाग आहे. सुनावणीला अपिलीय अधिकाऱ्यांनी जुन्या अभिलेखांची खोली उघडायला सांगितली. लाल कापडात बांधलेल्या गाठोड्यांतून, वाळवीने कडा खाल्लेली १९९१ सालची वही निघाली. नोंद कन्नडमध्ये, चार ओळींची होती. भावाचे नाव, वय, निळी अर्धी चड्डी, आणि शेवटी 'कमरेला चांदीचा करदोडा.'

करदोड्याचा हा उल्लेख बाबांनी केला असणार, कारण तो त्यांनीच दुरुस्त केला होता. सोनाराकडे जाण्याऐवजी त्यांनी तुटलेल्या कडीच्या जागी तांब्याच्या तारेचा आकडा वळवून घातला होता.

पुढचा सल्ला चंदगडच्या मामांचा. ते महाराष्ट्र पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधीच बजावले होते की त्यांच्याकडची भाषा इकडे वापरू नकोस; महाराष्ट्रात गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही तर 'ए समरी' होते, कर्नाटकात त्याच अर्थाने 'सी रिपोर्ट' म्हणतात, आणि सीमेवरच्या माणसाची यात नेहमी गफलत होते. त्यांचे म्हणणे होते की दोन्ही ठाण्यांना वेगवेगळे विनवण्यापेक्षा जिल्हा पोलीस अधीक्षकांना एकच लेखी अर्ज द्यावा, त्यात हरवल्याच्या नोंदीचा क्रमांक आणि यूडीआरचा क्रमांक शेजारी शेजारी लिहावा, दोन्हींच्या प्रती जोडाव्यात, डीएनए तपासणीची मागणी करावी आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नये. अर्ज नोव्हेंबर २०१६ मध्ये, ऐन नोटाबंदीच्या दिवसांत दिला. टंकलेखकाकडे आणि नोटरीकडे जुन्या नोटा चालत नव्हत्या आणि नव्या कोणाकडे नव्हत्या. कन्नड भाषांतराचे पैसे मी पुढच्या महिन्यात नेऊन दिले.

हा अर्ज कामी आला. डिसेंबरमध्ये आईला वस्तू ओळखण्यासाठी बोलावले. पंचांसमोर एका पांढऱ्या कागदावर चार करदोडे मांडले होते, त्यातला एक विहिरीतला आणि बाकीचे मिसळण्यासाठी आणलेले. चांदी काळी पडल्यामुळे प्रथमदर्शनी चारही सारखेच दिसत होते. आईने चष्मा काढला, एकेक उचलून डोळ्यांजवळ नेला, आणि तिसऱ्या करदोड्यावरच्या हिरव्या पडलेल्या तांब्याच्या आकड्यावर बोट ठेवले. 'हे ह्यांच्या हातचं,' ती म्हणाली. पंचनामा कन्नडमध्ये लिहिला होता. सही करण्याआधी तो मराठीत वाचून दाखवण्याची विनंती मी केली आणि ती मानली गेली. हा आग्रह प्रत्येकाने धरावा. तसेच, पोलिसांनी तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हेही लक्षात असू द्यावे. फिर्यादीवर मात्र सही लागते आणि फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

वैद्यकीय अहवालाने बाकीचे काम केले. दातांवरून वय सहा ते आठ ठरले: कायमच्या पहिल्या दाढा आलेल्या, वरचे पुढचे दुधाचे दात पडलेले. यात्रेच्या आधीच्या आठवड्यात भावाचा दात पडला होता आणि तो आम्ही कौलांवर फेकला होता, हे आक्काला स्वच्छ आठवत होते. इतक्या लहान वयाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी डीएनएच लागतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. कवटीच्या मागच्या बाजूला तडा होता आणि तो भरून येण्याची कोणतीही खूण नव्हती. म्हणजे तो मृत्यूच्या वेळचा होता. जानेवारी २०१७ मध्ये भारतीय दंड संहितेच्या ३०२ आणि २०१ या कलमांखाली गुन्हा नोंद झाला. इतकी वर्षे झाल्यावर गुन्हा नोंदवता येतो का, असे मला अनेकांनी विचारले आहे. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच मुदतीची मर्यादा आहे. खुनाला आणि खुनाचा पुरावा नष्ट करण्याला ती नाही.

डीएनएसाठी बाबा हयात नव्हते, म्हणून आईचे आणि माझे रक्त घेतले. ओळखपत्राच्या नमुन्यावर साक्षांकित फोटो आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, तेव्हा फोटो आणि आधारकार्डाच्या जादा प्रती बरोबर न्याव्यात. प्रयोगशाळेने मांडीच्या हाडाचा तुकडा आणि एक दाढ घेतली, कारण जुन्या अस्थींत डीएनए टिकण्याची शक्यता तेथे अधिक असते. खर्च काही आला नाही. अहवालाला मात्र वर्षभर लागले. या वर्षाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. आई रोज दुपारी पोस्टमनची वाट पाहत असे, जरी अहवाल पोस्टाने आमच्या घरी येणार नाही हे मी तिला सांगितले होते.

अहवाल जुळला. गुन्हा कोणी केला हे तोवर ठरायचे होते, आणि ते कळले ते एका माणसाने तोंड उघडल्यामुळे. १९९१ मध्ये विहिरीच्या मूळ मालकाकडे गुरे राखणारा चौदा वर्षांचा मुलगा आता इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होता. पोलिसांनी त्या शिवारात तेव्हा कामाला असलेल्या सगळ्यांची यादी काढली आणि त्याच्यापर्यंत पोहोचले. यात्रेच्या दिवशी भाऊ दोघा-तिघा मुलांबरोबर काजूच्या बागेत शिरला होता. बाकीची पळाली, हा सापडला. मालकाच्या थोरल्या मुलाने काठी घातली. त्यानंतर त्या गुराख्याला धमकावून त्याच्याकडूनच विहिरीत दगड टाकून घेतले. त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली नोंदवला गेला. तो माणूस साक्षीसाठी बेळगावला येई तेव्हा आमच्याशी नजर मिळवत नसे. त्याच्याबद्दल माझे मत आजही एका जागी ठरत नाही. आईचे ठरले आहे, ती म्हणते तेही लेकरूच होते.

आरोपीला २०१८ मध्ये अटक झाली. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेले नाही तर आरोपीला आपोआप जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून त्या मुदतीवर आमचे लक्ष होते. दोषारोपपत्र वेळेत गेले. पुढे त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळालाच, आणि खटला चालू असताना तो आठवडी बाजारात भाजी घेताना दिसत असे. याची मनाची तयारी ठेवावी लागते. खटला वर्षानुवर्षे चालणार असेल तर वयस्कर आरोपीला जामीन मिळणे हे नवलाचे नाही.

ज्याची मला काहीच कल्पना नव्हती असा अडथळा यानंतर आला. घटनेच्या वेळी आपण अठरा वर्षांखालील होतो, असा अर्ज आरोपीने दिला. बाल न्याय कायद्याप्रमाणे हा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर करता येतो, आणि २००९ मधील हरिराम प्रकरणाच्या निकालापासून जुन्या घटनांनाही अठरा वर्षांचीच मर्यादा लागू होते. दावा खरा ठरला असता तर पन्नाशीकडे झुकलेल्या त्या माणसाला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवण्याची तरतूद लागू झाली असती, म्हणजे प्रत्यक्षात काहीच नाही. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्माची नोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम आहे. त्याच्या गावच्या सरकारी मराठी शाळेचे जुने प्रवेश रजिस्टर मुख्याध्यापकांनी न्यायालयात हजर केले. त्यातील मराठी नोंदीचे अधिकृत कन्नड भाषांतर, त्यावर हरकत, मग दुसरे भाषांतर, असे करता करता बराच काळ गेला. रजिस्टरप्रमाणे तो घटनेच्या दिवशी एकोणीस वर्षांचा होता. अर्ज फेटाळला गेला.

वकिलाबद्दल लिहायला हवे. खुनाचा खटला सरकार चालवते आणि सरकारी वकील विनामूल्य असतात, परंतु त्यांच्याकडे खटल्यांचा ढीग असतो. त्यांना साहाय्य करण्यासाठी पीडित कुटुंबाला न्यायालयाच्या परवानगीने आपला वकील देता येतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र असते. म्हणून आम्ही अर्ज आईच्या नावाने जिल्हा प्राधिकरणाकडे केला आणि वकील मिळाल्या. त्यांना मराठी आणि कन्नड दोन्ही उत्तम येत असे, याचा फायदा आम्हाला कायद्याच्या ज्ञानाइतकाच झाला. आमचा स्वतःचा खर्च मुख्यतः भाषांतरे, नोटरी, प्रमाणित प्रती आणि एसटीचे भाडे एवढाच झाला.

साक्षी २०१९ मध्ये सुरू झाल्या आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने थांबल्या. आईची साक्ष त्यानंतर झाली. ती मराठीत बोलली, तिचे म्हणणे भाषांतरित होऊन नोंदले गेले. साक्षीदाराला न समजणाऱ्या भाषेत साक्ष नोंदली गेली तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगितली गेली पाहिजे, असा नियम आहे. आमच्या वकिलांनी तो लक्षात आणून दिला, तेव्हा 'सासरकडचा दीर' याचे भाषांतर 'सासरा' झालेले वेळीच दुरुस्त झाले. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी तिला विचारले, 'इतक्या वर्षांनी करदोडा तुमचाच हे कसे सांगता?' आई म्हणाली, 'रोज रात्री आंघोळ घालताना मीच सोडत होते नव्हं?' वकिलांनी तो प्रश्न पुढे वाढवला नाही. बचावाचा खरा भर गुराख्याने सव्वीस वर्षे गप्प राहण्यावर आणि फार तर हा सदोष मनुष्यवधाचा प्रकार ठरेल, खुनाचा नव्हे, यावर होता.

निकालाच्या दिवशी न्यायालयाने आरोपीला दोन्ही कलमांखाली दोषी धरून जन्मठेप सुनावली. आम्ही पेढे वाटले नाहीत, रडलोही नाही. आक्काने तेवढ्यात निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज कोठे करायचा ते विचारून घेतले, आणि ते बरोबरच होते, कारण पुढच्या प्रत्येक कामाला तीच प्रत लागली.

पहिले काम अस्थींचे. कायद्याच्या लेखी त्या मुद्देमाल असतात आणि अपिलाची शक्यता असेपर्यंत सहसा परत मिळत नाहीत. न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो. आम्ही अंत्यविधीचे कारण दिले. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. कवटी आणि तपासणीचे नमुने राखून ठेवून बाकीच्या अस्थी पंचनामा करून आमच्या ताब्यात देण्याचा आदेश २०२४ च्या उन्हाळ्यात झाला. सर्व अस्थी एकदम मिळाल्या नाहीत याचे वाईट वाटून आई दोन दिवस जेवली नाही. मग तिनेच मलप्रभेवर जायचा दिवस ठरवला.

दुसरे काम मृत्यूच्या दाखल्याचे. वर्षापेक्षा जुन्या मृत्यूची नोंद आता १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे आमच्याकडे प्रांतांच्या, आदेशाने होते. आधी निबंधकाकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यावा लागतो. येथे एक बारकावा आहे: नोंद राहत्या गावात होत नाही, मृत्यू ज्या हद्दीत झाला तेथे होते, म्हणून आम्हाला विहिरीच्या गावच्या निबंधकाकडे जावे लागले. निकालाची प्रमाणित प्रत, आईचे प्रतिज्ञापत्र आणि तो दाखला जोडून दिल्यावर अडीच-तीन महिन्यांत आदेश झाला. मृत्यूच्या तारखेच्या रकान्यात यात्रेच्या दिवसाची तारीख आली.

ज्यांचे प्रकरण आता सुरू होत आहे त्यांच्यासाठी: १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाल्याने मी वर दिलेले फौजदारी प्रक्रियेचे कलम क्रमांक बदलले आहेत, पण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते. नव्या प्रक्रिया कायद्यात तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याचे बंधन पोलिसांवर घातले आहे. आमच्या वेळी हे नव्हते. तुमच्याकडे आहे, तर ते लेखी मागा.

दाखला मिळाल्यावर वंशावळ नव्याने केली आणि वारसा नोंदीचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, दिला. भावाचा मृत्यू बाबांच्या आधीचा असल्यामुळे तो वारसांत येत नाही, एवढे तलाठ्याने स्वतःच सांगितले. हरकतीची मुदत संपल्यावर, मार्च २०२५ मध्ये, उताऱ्यावर आईचे, आक्काचे आणि माझे नाव लागले. आरोपीचे अपील उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे आहे आणि त्याची अंतिम सुनावणी अजून लागलेली नाही. पीडित नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दिलेला अर्जही विचाराधीन आहे. त्यासाठी निकालाची आणखी एक प्रमाणित प्रत मागितली असून ती पुढच्या आठवड्यात मिळणार आहे.